बिघाड स्वतःचा पत्ता सांगतो

नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या वसतिगृहात संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची चार मुले हौसेने एक संकेतस्थळ तयार करतात असे समजू. त्यावर मोक्षपट आणि कवड्यांचा पंचवीस घरांचा पट, असे दोन खेळ घरबसल्या दोघांना खेळता येतात. लॅपटॉपवर सगळे सुरळीत चालते. मग वर्गणी काढून घेतलेल्या स्वस्त होस्टिंगवर फायली चढवल्या जातात आणि पटाऐवजी पडद्यावर उमटते ते ‘500 इंटर्नल सर्व्हर एरर’. इथून पुढे बहुतेक ठिकाणी सारखेच घडते. एक जण फायलींच्या परवानग्या बदलतो, दुसरा पीएचपीची आवृत्ती बदलतो, तिसरा कुठल्याशा व्हिडिओत दिसलेली ओळ सेटिंगच्या फायलीत चिकटवतो. पट कधी चालू होतो, कधी होत नाही, आणि चालू झाला तरी तो कशामुळे झाला हे कोणालाच सांगता येत नाही. खरे तर सर्व्हरवरच्या स्क्रिप्टचा बिघाड जवळजवळ नेहमीच स्वतःचा पत्ता सांगत असतो. तो वाचण्याची शिस्त कोणालाही शिकवता येते, आणि ती शिकायला हौशी खेळाच्या संकेतस्थळासारखी दुसरी जागा नाही.

पटावरच्या खेळाचे संकेतस्थळ म्हणजे पोरखेळ, असा समज होऊ शकतो. पण तांत्रिकदृष्ट्या ते काम अवघड आहे. एखाद्या संस्थेची माहिती देणारे पान एकदा लिहिले की तसेच राहते. खेळाच्या संकेतस्थळाला मात्र दान कोणाचे, सोंगटी कोणत्या घरात, शेवटची खेळी केव्हा झाली, हे प्रत्येक क्षणी लक्षात ठेवावे लागते, आणि ते एकमेकांपासून दूर बसलेल्या दोन माणसांना एकसारखे दाखवावे लागते. 2010 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेले आणि आज जगभर खेळले जाणारे ‘बोर्ड गेम अरेना’ हे संकेतस्थळ या मुलांच्याच साधनांवर उभे आहे. तिथल्या खेळांचे नियम पीएचपी या भाषेत लिहिले जातात आणि पटाची स्थिती मायएसक्यूएल या डेटाबेसच्या तक्त्यांत साठवली जाते. पीएचपीचा जन्मही हौसेतूनच झाला. रासमुस लेरडॉर्फ यांनी 1994 मध्ये स्वतःच्या पानासाठी काही छोटी साधने लिहिली आणि 1995 मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. आपल्या भागात खेळांचाही तुटवडा नाही. मोक्षपटाचे श्रेय परंपरेने ज्ञानेश्वरांना दिले जाते, आणि कवड्यांचा पंचवीस घरांचा पट देगलूर-बिलोली ओलांडून तेलंगणात गेले की अष्टाचम्मा या नावाने भेटतो. नांदेडला 1981 पासून श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, 1994 पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरलाही अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने आहेत. साधने आहेत, खेळ आहेत, शिकणारी मुले आहेत. उणीव आहे ती बिघाडाकडे पाहण्याच्या पद्धतीची.

पान मागितल्यापासून ते पडद्यावर दिसेपर्यंत काय काय होते, ते आधी पाहू. ब्राउझर संकेतस्थळाचे नाव देतो, त्या नावावरून सर्व्हरचा अंकी पत्ता शोधला जातो, मागणी अपाचीसारख्या वेब सर्व्हरकडे पोहोचते. ही फाइल नुसती पाठवायची नसून चालवायची आहे हे ओळखून वेब सर्व्हर ती पीएचपीच्या हाती देतो. पीएचपी आपल्या सेटिंगप्रमाणे स्क्रिप्ट चालवते, डेटाबेसला पटाची स्थिती विचारते आणि तयार झालेले पान उलट वाटेने परत येते. या साखळीतला एक दुवा निसटला तरी पडद्यावरचा परिणाम साधारण सारखाच दिसतो, आणि तिथेच माणूस गोंधळतो. आपल्याकडचा शेतकरी मात्र अशा साखळीला घाबरत नाही. मोटर चालू होत नसेल तर तो लगेच बोअरमधून पंप उपसत नाही. लाइट आहे का, तिन्ही फेज येतात का, डीपीवरचा फ्यूज उडाला का, स्टार्टर धरतो का, हे तो एका क्रमाने पाहतो. पंप बाहेर काढणे हे सर्वांत खर्चाचे आणि म्हणून शेवटचे काम असते. संकेतस्थळाच्या बाबतीत पंप उपसणे म्हणजे सगळे पुसून पुन्हा नव्याने चढवणे, आणि आपली मुले नेमके तेच सर्वांत आधी करतात. त्याऐवजी सर्व्हरवर दोन ओळींची एक साधी पीएचपी फाइल ठेवून ती चालते का एवढे पाहिले, तरी अर्धी साखळी तपासून होते. ती चालली तर दोष पुढे, स्क्रिप्टमध्ये किंवा डेटाबेसमध्ये. नाही चालली तर दोष अलीकडे, सर्व्हरच्या मांडणीत.

आता त्या 500 क्रमांकाच्या चुकीकडे वळू. अपाचीचे ते पान नीट वाचले तर त्यातच लिहिलेले असते की अधिक माहिती सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत, मिळू शकेल. म्हणजे सर्व्हर स्वतःच पुढची दिशा दाखवतो. ती ओळ बहुतेक जण ओलांडून जातात. उबुंटूसारख्या लिनक्सवर अपाचीचा लॉग ठरलेल्या फोल्डरमध्ये असतो, भाड्याच्या होस्टिंगवर सीपॅनेलसारख्या नियंत्रण-पानावरून तो उघडता येतो. त्यात तारीख, वेळ, फाइलचे नाव आणि पुष्कळदा ओळीचा क्रमांकही सापडतो. याउलट न वाचता दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांत सर्वांत लोकप्रिय सल्ला म्हणजे परवानगी 777 करून टाका. याचा अर्थ त्या सर्व्हरवरच्या कोणालाही ती फाइल वाचायची, बदलायची आणि चालवायची मोकळीक देणे. सुरक्षेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी हा उपाय अनेकदा उलटा पडतो. ज्या होस्टिंगवर सुएक्झेकसारखी, स्क्रिप्ट तिच्या मालकाच्या नावाने चालवणारी व्यवस्था असते, तिथे इतरांना बदलता येणारी स्क्रिप्ट चालवायला सर्व्हर मुद्दाम नकार देतो आणि 777 केल्यामुळेच 500 ची चूक उभी राहते. साधारणपणे फायलींना 644 आणि फोल्डरांना व थेट चालणाऱ्या स्क्रिप्टना 755 एवढी परवानगी पुरते. दुसरे उदाहरण सेटिंगच्या फायलीचे. एचटीअॅक्सेस या फायलीत पीएचपीची मूल्ये लिहिण्याची जुनी युक्ती पीएचपी अपाचीच्या आत बसवलेली असते तेव्हाच चालते. पीएचपी स्वतंत्रपणे, एफपीएम पद्धतीने चालत असेल तर अपाचीला त्या ओळीचा अर्थच लागत नाही आणि अख्खे संकेतस्थळ बंद पडते. लॉगमध्ये मात्र ‘अवैध आज्ञा’ असा स्पष्ट शेरा त्या शब्दासह नोंदलेला असतो. दोन्ही ठिकाणी अंदाजाने केलेला उपाय हाच रोग होता आणि लॉगची एक ओळ हे निदान होते.

लॉग हा बिघाडाच्या पत्त्याचा एक भाग झाला. दुसरा भाग बिघाडाच्या मापात असतो आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पटावर विचार करत बसलेल्या खेळाडूला अर्ध्या तासाने खेळी करायची असते, तेव्हा संकेतस्थळ त्याला ओळखत नाही आणि पुन्हा लॉगिन करायला सांगते. असे का होते? पीएचपीत सत्राची, म्हणजे ओळख लक्षात ठेवण्याची, मुदत मुळात 1440 सेकंद ठेवलेली असते, म्हणजे 24 मिनिटे. तेवढा वेळ हालचाल झाली नाही तर त्या सत्राची नोंद पुसली जाऊ शकते. पटापट खेळी करणाऱ्या मुलांनी तपासताना हा दोष कधीच दिसत नाही. सावकाश विचार करणाऱ्या खेळाडूलाच तो भेटतो. पटाचे मोठे चित्र चढत नसेल आणि लहान चित्र चढत असेल, तर फाइल चढवण्याची मूळ मर्यादा 2 एमबी आहे हे आठवावे. संगणकाची खेळी शोधणारी स्क्रिप्ट बरोबर अर्ध्या मिनिटाच्या आसपास मरत असेल, तर चालण्याची मूळ मुदत 30 सेकंद आहे. डावाची अंतिम वेळ साडेपाच तासांनी चुकत असेल, तर विचार करायलाही फारसे उरत नाही: पीएचपी मुळात जागतिक प्रमाणवेळ धरते आणि भारतीय वेळ तिच्यापुढे नेमकी साडेपाच तास आहे. स्क्रिप्ट एक वेळ धरते आणि डेटाबेस दुसरी, एवढाच तो घोळ. अॅलन कॅल्हॅमर यांच्या 1959 च्या ‘डिप्लोमसी’ या खेळात सर्वांच्या चाली ठरलेल्या वेळी एकदम उघड होतात. असा खेळ जालावर आणायचा तर ठरावीक वेळाने सर्व्हरने स्वतःहून एक स्क्रिप्ट चालवावी लागते, आणि तिथे हा वेळेचा घोळ सगळा डाव बिघडवतो. बिघाड मोजला की अनेकदा त्याचे कारण हाती येते. ‘कधी कधी बंद पडते’ या तक्रारीतून काही निघत नाही. ‘चोवीस मिनिटांनी बंद पडते’ यातून सेटिंगचे नावच निघते.

मराठीत संकेतस्थळ करणाऱ्यांना मापाची ही सवय आणखी उपयोगी पडते, कारण आपल्या लिपीमुळे काही बिघाड आपल्याकडे हमखास येतात. यूटीएफ-8 या पद्धतीत इंग्रजीचे एक अक्षर एक बाइट घेते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, तीन बाइट घेते. ‘सारीपाट’ या नावात सात चिन्हे आहेत, म्हणजे 21 बाइट. खेळाडूच्या नावाला वीस अक्षरांची मर्यादा घालणारी आणि बाइट मोजणारी स्क्रिप्ट हे चार अक्षरी नाव ‘फार लांब’ म्हणून नाकारते. चिन्हे नीट मोजायची तर पीएचपीचा एमबीस्ट्रिंग हा जोडभाग लागतो. तो लॅपटॉपवर असतो, सर्व्हरवर कधी कधी नसतो, आणि मग स्क्रिप्ट मधेच थांबते. लॉगमध्ये न सापडलेल्या फंक्शनचे नाव येते. दुसरा बिघाड न दिसणाऱ्या तीन बाइटांचा. विंडोजचे जुने नोटपॅड यूटीएफ-8 फाइल साठवताना सुरुवातीला तीन बाइटांची खूण टाकत असे. मराठी मजकूर असलेली फाइल त्यात उघडून साठवली की ‘हेडर आधीच पाठवले गेले’ ही तक्रार सुरू होते आणि लॉगिन टिकत नाही. लॅपटॉपवर आउटपुट बफरिंग चालू असेल तर हा दोष झाकला जातो आणि सर्व्हरवर उघडा पडतो. डेटाबेसचेही तसेच. मायएसक्यूएलने देवनागरी सामावणारी अक्षरपद्धत 2018 च्या 8.0 या आवृत्तीपासून मुळातली म्हणून धरली. त्याआधी मुळातली पद्धत पश्चिम युरोपीय अक्षरांची होती. नावांच्या जागी ‘à¤’ अशी विचित्र अक्षरे दिसत असतील तर मूळ बाइट बहुधा शाबूत असतात आणि ती नावे परत मिळवता येतात. नुसती प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील तर मूळ मजकूर गेलेला असतो. हा फरक ओळखणारा माणूस पहिल्या प्रकारात घाईने सगळे पुसणार नाही आणि दुसऱ्या प्रकारात नवी नोंद ताबडतोब थांबवेल. फायलींच्या नावांतल्या लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक विंडोज मानत नाही, लिनक्सवर मात्र ती दोन वेगळी नावे ठरतात, हेही इथेच सांगायला हवे. ‘माझ्याकडे चालते’ या वाक्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

लॉग वाचला, माप घेतले, की एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याचा परिणाम पाहायचा. हा नियम ऐकायला साधा वाटतो, पण तो का पाळावा याचे पक्के कारण पीएचपीच्या मांडणीतच आहे. भाड्याच्या होस्टिंगवर फोल्डरपुरती सेटिंग ज्या ‘युझर आयएनआय’ फायलीत लिहितात, ती फाइल पीएचपी प्रत्येक वेळी वाचत नाही. मूळ सेटिंगप्रमाणे दर 300 सेकंदांनी वाचते. म्हणजे बरोबर बदल केला तरी पाच मिनिटांपर्यंत काहीच घडत नाही. अधीर माणूस तेवढ्या वेळात आणखी चार बदल करतो. पाचव्या मिनिटाला संकेतस्थळ चालू होते आणि श्रेय शेवटच्या, निरुपयोगी बदलाला मिळते. तोच बदल मग मित्रांना सल्ला म्हणून दिला जातो. चुकीचे उपाय वर्षानुवर्षे का टिकतात, याचे एक उत्तर इथे आहे. वहीत वेळ, केलेला बदल आणि दिसलेला परिणाम अशा तीन रकान्यांत नोंद ठेवली तर ही फसगत टळते.

यावर काही आक्षेप येतील आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की आता कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की उत्तर मिळते. मग ही शिस्त कशाला? पण त्या साधनालाही आपण देऊ तेवढीच माहिती असते. ‘माझे संकेतस्थळ चालत नाही’ एवढेच सांगितले तर ते दहा शक्यता सांगेल, आणि त्यांतली कोणती आपली हे ठरवायला पुन्हा तपासच करावा लागेल. लॉगमधली नेमकी ओळ दिली तर उत्तर बरेच जवळ येते, पण ती ओळ शोधणारा माणूसच असतो. मिळालेले उत्तर आपल्या पीएचपीच्या आवृत्तीला लागू आहे का, हेही त्यालाच पाहावे लागते. डेटाबेसशी बोलण्याची जुनी फंक्शने 2015 च्या पीएचपी 7 मधून काढून टाकली गेली, तरी ती वापरणारे नमुने आजही जालावर सर्वत्र पडून आहेत. शिवाय संपूर्ण सेटिंगची फाइल कुठेही चिकटवण्याआधी तिच्यातला डेटाबेसचा पासवर्ड काढायला हवा, हे भान साधन देईलच असे नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: खेळायला तयार संकेतस्थळे आहेत, मग स्वतःचा सर्व्हर कशाला सांभाळायचा? केवळ खेळायचे असेल तर हे म्हणणे योग्यच आहे. इथे हेतू शिकण्याचा आहे, आणि खेळाच्या संकेतस्थळाचा गुण हा की ते बंद पडले तर कोणाचे पैसे बुडत नाहीत, कोणाचा उपचार थांबत नाही. उद्या बाजार समितीच्या, दवाखान्याच्या किंवा बँकेच्या यंत्रणेवर काम करणाऱ्याने आपल्या पहिल्या चुका मोक्षपटावर केलेल्या बऱ्या. उघड्या इंटरनेटवर नवख्यांनी प्रयोग करणे धोक्याचे आहे, ही शंकाही रास्त आहे. तिचे उत्तर म्हणजे आधी प्रयोगशाळेतल्या लिनक्स यंत्रावर सराव करायचा, आणि सार्वजनिक सर्व्हरवर चुका पडद्यावर दाखवणे बंद ठेवून त्या फक्त लॉगमध्ये नोंदवायच्या, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळायचा.

तिसरा आक्षेप भाषेचा: लॉग इंग्रजीत असतो, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना तो अवघड जातो. ही अडचण खरी आहे, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. लॉगची भाषा साहित्याची नसते. परवानगी नाकारली, फाइल सापडली नाही, स्मृती संपली, अनपेक्षित चिन्ह आले, अशी मोजकी वाक्ये तिथे पुन्हा पुन्हा येतात. ती मराठी अर्थासह भिंतीवर लावता येतील. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, पीएचपी आणि मायएसक्यूएलचे पाठ मराठी आवाजात उपलब्ध केले आहेत. चौथा आक्षेप वेळेचा आहे. परीक्षेत जे विचारले जात नाही त्यावर वेळ का घालवायचा, हा प्रश्न लातूरमध्ये विशेष धारदार आहे, कारण लातूर पॅटर्नने सराव आणि वेळापत्रकाच्या बळावर या शहराला राज्यभर नाव मिळवून दिले. पण सरावाची ती ताकद इथेही वापरता येईल. प्रश्नपत्रिकांचा सराव होतो तसा बिघाडांचाही सराव होऊ शकतो.

म्हणून मागणी छोटी आणि करता येण्याजोगी आहे. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत वेब प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांना कोरी फाइल देण्याऐवजी कधी कधी मुद्दाम बिघडवलेले खेळाचे संकेतस्थळ द्यावे. एका गटाच्या वाट्याला चुकलेली परवानगी यावी, दुसऱ्याच्या वाट्याला वेळेचा घोळ, तिसऱ्याच्या वाट्याला प्रश्नचिन्हे झालेली नावे. गुण मात्र संकेतस्थळ चालू झाल्याबद्दल थोडे द्यावेत आणि कारण पुराव्यासह लिहिल्याबद्दल जास्त: लॉगची कोणती ओळ पाहिली, काय मोजले, कोणती शक्यता कशामुळे बाद केली, कोणता एक बदल केला. याला नवी यंत्रे लागत नाहीत, कारण अपाची, पीएचपी आणि मायएसक्यूएल फुकट मिळतात. एमकेसीएलच्या एमएससीआयटी या अभ्यासक्रमाने गावोगावच्या मुलांना संगणक वापरायला शिकवले. पुढची पायरी आहे तो बिघडला की त्याला योग्य प्रश्न विचारायला शिकवण्याची. पीएचपीच्या आवृत्त्या बदलतील, आज इथे सांगितलेली मूल्येही बदलतील. पण आधी नोंद वाचावी, मग मोजावे, मग एकच गोष्ट बदलावी, हा क्रम ज्याच्या अंगवळणी पडला तो कोणत्याही नव्या यंत्रणेसमोर अंदाजावर अवलंबून राहणार नाही. त्याला कामही मिळेल. आणि त्याच्या हातून झालेल्या दुरुस्तीवर दुसऱ्यालाही भरवसा ठेवता येईल, कारण ती का लागू पडली हे तो पुराव्यासह सांगू शकेल.